लुक आफ्टर

कुंभकोणमच्या त्या देवळाच्या दारात एक बाई चपला सांभाळायला बसल्या होत्या. तोंडात विड्याचं पान. मला तमिळ येत नव्हतं, त्यांना मराठी. इंग्रजीतले मात्र त्यांना दोन शब्द पक्के येत होते, 'लुक आफ्टर', म्हणजे मी सांभाळते. चपला घेताना तेच, कुणाची छत्री ठेवून घेताना तेच, कुणाचं रडकं मूल मांडीवर घेतानाही तेच.

आई पायरीवरच अडून बसली. विसरण्याचा आजार जडल्यापासून तिला अंधाऱ्या जागेची भीती वाटते. दोन वर्षं मी तिचा हात सोडला नव्हता. बाईंनी तिला आपल्याशेजारी बसवून घेतलं आणि मला म्हणाल्या, "गो, गो. लुक आफ्टर."

देवापुढे हात जोडले. किती दिवसांनी दोन्ही हात मोकळे होते!

धावतच परतले. आई चपलांचे जोड जुळवून रांगेत लावत होती, पूर्वी शाळेत मुलांच्या वह्या लावायची तशी, मन लावून. मी "थँक्यू" म्हणत बाईंपुढे वाकले. त्यांनी हसून आईकडे बोट केलं.

"नो, नो. अम्मा लुक आफ्टर."

आम्ही सगळे आईला सांभाळत होतो. तिच्याकडे काही सांभाळायला दिलं, ते या बाईंनीच.