लाल फडकं आणि बंद मशीन

लढाई लागली तेव्हा आमची बोट नेव्हीनं गस्तीला नेली. जाळं ओढायचं यंत्र काढून तिथं बंदूक बसवली. हिरवी-पिवळी बोट राखाडी करून टाकली, तिचं नाव रंगाखाली गेलं. बोट चालवायला तांडेल म्हणून पोरगा आमचाच ठेवला, कारण वसईच्या खाडीच्या तोंडाशी खडक कुठं आहेत ते त्याला ठाऊक. बाकी सगळ्यांना समुद्र बंद.

माझ्या म्हाताऱ्यानं बंदी मानली नाही. जाळं पाण्यात राहिलं होतं, ते कुजेल म्हणून सकाळीच लहान होडी घेऊन निघाला.

"गोली घालतील तुला," मी म्हटलं.

"माझ्याच बोटीवरून? घालू दे."

मी किनाऱ्यावर बोंबील टांगत होते. फोन वाजला. पोरगा होता, दबक्या आवाजात.

"आये, बा कुठं हाय?"

"जालं काढाय गेलाय."

"फोन?"

"घरी. पान्यात भिजतो त्याचा."

पोरानं शिवी दिली आणि फोन ठेवला.

मी वर बघितलं. राखाडी बोट होडीच्या दिशेनं येत होती. थांब म्हणून नेव्हीच्या माणसानं लाल फडकं हलवलं. आमच्याकडे लाल फडकं म्हणजे जाळं पसरलंय, लांबून जा. म्हाताऱ्यानं मुकाट्यानं होडी वळवली आणि लांब निघाला. बोटीवरच्यांना वाटलं, पळतोय. बंदूक फिरली. माझ्या हातातले बोंबील खाली पडले.

तेवढ्यात बोटीचं मशीन बंद पडलं. एकदम शांत. मला वाटलं, आता आवाज येईल तो गोळीचाच.

होडी थांबली. मग वळली आणि सरळ बोटीकडे आली. मशीन बंद पडलेली बोट कुणी कोळी खडकाजवळ टाकून जात नाही. म्हातारा उभा राहिला, हातात दोर. बंदूक त्याच्याच छातीवर आणि हा ओरडतोय, "धर रे दोर! डिझेल संपलं काय?"

मशीन पोरानंच बंद केलं होतं.

दुपारपर्यंत चौकशी करून म्हाताऱ्याला सोडलं. संध्याकाळी पोरगा घरी आला तसा म्हातारा त्याच्यावर खेकसला, "भर ओहोटीत खडकापाशी मशीन बंद करतात? बोट फुटली असती म्हंजे?"

पोराचं ताट तसंच राहिलं. ते बघून म्हाताऱ्यानं आपल्या ताटातला बोंबील त्याच्या ताटात सरकवला.

जाळं पाण्यातच कुजलं. कुजू दे.