टिटवी गप्प होईपर्यंत

आमच्या कुटुंबात अंधश्रद्धेला थारा नाही. मांजर आडवं गेलं की आम्ही थांबतो, कुणी शिंकलं की बसतो आणि एकदा उंबरा ओलांडला की मागे फिरत नाही. बाकी सगळं विज्ञाननिष्ठ!

अशा घरातून मी स्वतःच्या साखरपुड्याला निघालो. खांदा कॉलनीतून उरणला जायचं होतं. अंगात कोरा पांढरा कुर्ता-पायजमा! मामांनी गाडी शेजारच्या मोकळ्या प्लॉटच्या कडेला लावलेली. आईने दाराला हात लावला आणि खडीतून एक टिटवी उठून किंचाळायला लागली.

"थांबा!" आई म्हणाली. "शुभकार्याला निघताना टिटवी? ती गप्प झाल्याशिवाय गाडीत कुणी पाय ठेवायचा नाही."

माझ्याकडे पक्ष्यांवरची बरीच पुस्तकं आहेत. (काही वाचलीसुद्धा आहेत.) "आई, टिटवी जमिनीवरच अंडी घालते. इथेच खडीत असतील. आपण उभे आहोत म्हणून ती ओरडतेय!"

"आणि ती ओरडतेय म्हणून आपण उभे आहोत," मामा म्हणाले. "ताई, मुहूर्त टळेल!"

"टळू दे. आधी तिला गप्प होऊ दे."

टिटवीने मामांच्या टकलावर झेप घेतली. मामांनी पेढ्यांचा बॉक्स ढालीसारखा धरला. ती जमिनीवर उतरली आणि एक पंख फरफटत लंगडायला लागली.

"मामा! पंख मोडलात तिचा!"

"मी? मी पेढे वाचवत होतो!"

"आता पापही लागलं," आई म्हणाली. "धर रे तिला!"

मी धावलो. ती हातभर पुढे. मी वाकलो, ती आणखी हातभर पुढे. असं करत नाल्याकाठचं गवत आलं, मग पाणथळ आली, मग मी कमरेइतक्या चिखलात उभा होतो. टिटवी दोन्ही पंखांनी झकास उडून गेली!

तेव्हा आठवलं. शत्रूला अंड्यांपासून लांब न्यायला टिटवी पंख मोडल्याचं सोंग घेते. हे मी वाचलं होतं. त्या पानावर खूणही घातली होती.

मला ओढून काढायला आई आणि मामा धावत आले. गाडीजवळ कुणी उरलं नाही, म्हणून टिटवी गप्प झाली.

"थांबली! चला, बसा पटकन!"

"आई, कपडे!"

"घराबाहेर पडल्यावर मागे फिरायचं नसतं!"

मामांनी चाकांखाली वाकून पाहिलं. अंडी गाडीपासून चांगली लांब, खडीसारखीच ठिपकेदार. आम्ही बसताच टिटवी पुन्हा ओरडली, पण आईने काचा वर केल्या होत्या. (बंद काचेतून ऐकू आलेलं धरत नाहीत म्हणे.)

उरणला होणारे सासरे दारातच उभे होते. मला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जावई, ह्ये काय?"

"एक जखमी पक्षी वाचवत होतो," मी शक्य तितक्या भारदस्तपणे म्हणालो.

"मंग? मेला?"

"नाही. उडाला."

"मंग तुमी वाचवला काय?"

मुहूर्त गाठला. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत मी सासऱ्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात आहे.