लाल ट्रेतला माल

दसऱ्याच्या सुटीनंतर लाईन सुरू झाली आणि मी घासलेले शाफ्ट, म्हणजे यंत्रात बसणारे पोलादी दांडे, एकामागून एक लाल ट्रेत पडू लागले. मंचरजवळच्या त्या कारखान्यात तोवर आम्ही मायक्रोमीटरने हातानेच मापं घ्यायचो. त्या वर्षी शेठनी आपोआप मोजणारं मशीन बसवलं. बरोबर शाफ्ट हिरव्या ट्रेत, चुकलेला लाल.

"कमी भरतोय तुझा माल," सुपरवायझर म्हणाले. ते इथलेच, जवळच्या पिंपरी पेंढारचे. "जादा असता तर घासला असता. आता भंगारच."

मी परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. शेठनी दाखलासुद्धा न मागता मला ग्राइंडिंगवर उभं केलं होतं. ही नोकरी गेली तर या मुलखात दारात उभं करणारं दुसरं कुणी नव्हतं. तरी लाल ट्रेतला शाफ्ट उचलून मायक्रोमीटर लावला. बरोबर. आणखी दोन घेतले. तेही बरोबर.

"माल चांगला आहे. भंगारात जाऊ देणार नाही."

"आरं, एवढं मोठं मशीन खोटं आन् तू खरा व्हय? लई शाना झालास राव!"

"मशीन कशावर जुळवलं ते तर बघू."

मशीन रोज सकाळी एका अचूक मापाच्या शाफ्टवर जुळवायचं. त्याला आम्ही मास्टर म्हणायचो. डबीतून मास्टर काढला, तर त्यावर तांबूस डाग दिसला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, तेव्हा मास्टरलाही ओल्या कुंकवाचं बोट लावलं होतं, ते मीच. मनात शेठचे उपकार होते. नंतर पुसलं, पण पातळसा थर वाळून बसला होता. मास्टर तेवढा जाड झाला, म्हणून माझे शाफ्ट बारीक ठरत होते.

गुपचूप पुसून टाकता आलं असतं. मी शेठना बोलावलं आणि माझ्या हातून लागलेला तो कुंकवाचा डाग दाखवला.

"मास्टरला हात लावायला कुणी सांगितलं तुला?" शेठनी विचारलं.

"कुणी नाही. ती चूक माझी, काय करायचं ते करा. पण माल चुकला नव्हता."

"न्हाई त्या जागी देव कशाला आणतोस रं!" सुपरवायझर कपाळावर हात मारत म्हणाले.

शेठनी उद्यापासून आठ दिवस कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं. मी हो म्हटलं. मास्टर स्वच्छ करून मशीन पुन्हा जुळवलं, आणि लाल ट्रेतला शेवटचा शाफ्ट हिरव्यात पडेपर्यंत मी तिथून हललो नाही.