वाचताना माणसं दिसावीत म्हणून

आषाढी पौर्णिमेपासून आमच्या हुडकेश्वरच्या बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतं. तीन महिने, रोज संध्याकाळी तासभर. त्यातले बहुतेक दिवस माझी बायको वाचते. शिक्षण सातवीपर्यंत, पण आवाज असा की चपला घालून निघालेला माणूस परत बसतो. मी नवरा आहे म्हणून सांगत नाही. नवऱ्याला तर हे मान्य करणं जडच जातं.

गेल्या वर्षी वर्षावास तोंडावर आला आणि तिनं चहा गाळता गाळता सांगून टाकलं, "या वर्षी मी नाही वाचत. दुसऱ्या कोणाले सांगा म्हणा."

"काहून वं?"

"लोकं दिसत नाही मले. भिंतीले वाचून दाखवून राहिली असं वाटते."

तिचा चष्मा जवळचा. तो लावला की अक्षर स्वच्छ, पण मान वर केली की समोरची माणसं धुरात बसल्यासारखी. काढला तर ओळ हरवते. आणि तिची वाचायची पद्धतच अशी की दोन-चार ओळी वाचायच्या, मान वर करायची, चेहरे बघायचे. कोणी गोंधळलेलं दिसलं तर तीच ओळ पुन्हा सावकाश. कोणी पेंगत असेल तर आवाज चढवायचा. चेहरे न बघता वाचायचं असेल तर मोबाइलच लावून द्या, असं तिचं म्हणणं.

मी वरवर हो म्हटलं, पण आतून घाबरलो. दिवसभर घरात खपणारी ही बाई त्या एका तासात वेगळीच होते. तो तास गेला तर तिचं काय उरेल, हा विचारच मला सहन होईना. दुसऱ्याच दिवशी तिला स्कूटरवर बसवून बर्डीच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात नेलं.

दुकानदार तरुण आणि गोडबोल्या. त्यानं नंबर काढला आणि समजावलं, "काकू, प्रोग्रेसिव्ह घ्या. एकाच काचेत वरून दूरचं, मधून मधलं, खालून जवळचं. रेघ दिसत नाही." मग त्यानं तीन प्रकारच्या काचा सांगितल्या. स्वस्तातल्या काचेत कडेचं धूसर दिसणार, महागातल्या काचेत ते कमी. म्हणजे पैसे द्यायचे ते धूसर कमी करायचे, एवढं मला कळलं. मधल्या काचा आणि फ्रेम मिळून साडेतेरा हजार झाले.

बायको खुर्चीतून उठलीच. "इतक्यात तर माणूस दोन्ही डोळ्याचा मोतीबिंदू काढून येईन."

"तुले मोतीबिंदू आहे का? नाही ना? मग बस खाली."

ती बसली, पण तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घर गहाण टाकलंय. दुकानदारानं फ्रेम नाकावर बसवून काचेवर पेननं ठिपके काढले. हातात एक कार्ड दिलं आणि म्हणाला, नेहमी वाचता तसं धरा. तिनं ते मांडीवर धरलं, घरी दुपारी वाचते तसं. त्यानं माप घेतलं. मीही बाजूला उभा राहून मान डोलावली. तिथेच आम्ही तिघे फसलो.

चष्मा आला. पहिले काही दिवस ती घरात बदकासारखी चालली. जमीन वर येते म्हणे. पायरी उतरताना भिंत धरायची. "डोळे नाही, मान फिरवा लागते," असं दुकानदारानं बजावलं होतं, म्हणून ती भाजीवालीशीसुद्धा मान फिरवून फिरवून बोलायची. मी हसलो की चिडायची. पण हळूहळू जमलं. गच्चीवरून तिनं मला चौथ्या घरावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग सांगितले, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. पैसे वसूल, असं मी मनात म्हटलं.

मग पौर्णिमा आली. ती पांढरं लुगडं नेसून ग्रंथासमोर उभी राहिली आणि एकही ओळ वाचू शकली नाही.

झालं असं की विहारातला लाकडी स्टँड कोणा उंच माणसाच्या मापानं केलेला, आणि माझी बायको बुटकी. ग्रंथ थेट तिच्या हनुवटीसमोर येतो. समोर बघावं तर काचेतली दूरची जागा, अक्षरं सगळी पुसट. जवळच्या जागेतून बघायचं तर मान इतकी मागे टाकायची की ती छताचा पंखा वाचतेय असं दिसावं. तिनं तसाही प्रयत्न केला. मागून कोणीतरी हसलं. तिनं शांतपणे दुसऱ्या बाईला पुढे बोलावलं आणि खाली येऊन बसली.

घरी आल्यावर मी दुकानदाराच्या नावानं आरडाओरडा केला. तिनं चष्मा डबीत ठेवला. म्हणाली, "त्याचं काय चुकलं? त्यानं मांडीचं माप घेतलं. मी मांडीवरच धरलं होतं."

"मग स्टँड काढू. लहान टेबलावर ठेवू ग्रंथ, खाली."

तेव्हा मात्र ती चमकून माझ्याकडे वळली. "ग्रंथ कोणी खाली ठेवते का? आपल्या लोकाइले पुस्तक हातात घ्यायलेच किती पिढ्या लागल्या. माझ्या डोळ्यासाठी मी तो खाली आणू?"

तिचं खरं होतं, आणि ते ऐकून मला तिचा इतका अभिमान वाटला की रागच विरून गेला. सकाळी उठलो, जुन्या दिवाणाच्या फळ्या काढल्या आणि दुपारपर्यंत ठोकठोक करून एक बैठा चौथरा बनवला. विचारायला आली तर म्हटलं, "ग्रंथ खाली येत नाही ना? मग तू वर हो."

संध्याकाळी तो स्टँडमागे ठेवला. पण नव्या चष्म्यातून पायरीचा अंदाज येईना. तिनं पाय उचलला, परत ठेवला. मी जाऊन हात दिला. भरल्या विहारात मी बायकोचा हात धरला, बायांनी तोंडाला पदर लावले. ती वर चढली. ग्रंथ आता छातीखाली, काचेच्या बरोबर खालच्या भागात. मी मागे जाऊन बसलो.

त्या दिवशी मरणाविषयीचा भाग होता. ती दोन-चार ओळी वाचायची, मान वर करायची, पुन्हा वाचायची. सगळं सुरळीत चाललं होतं आणि एकदम ती थांबली. ओळ हरवली की काय, म्हणून मी अर्धा उठलोच. पण ती घाबरलेली नव्हती. माझ्या पुढच्या रांगेत ती कोणाला तरी बघत होती.

तिथे आमच्या गल्लीतली एक बाई बसली होती. नवरा गेल्यावर पारशिवनीचं घर बंद करून नुकतीच लेकाकडे राहायला आलेली. ती पदर तोंडात धरून, आवाज न करता रडत होती. मी तिच्या हातभर मागे होतो आणि मला फक्त तिची पाठ दिसत होती.

बायको ग्रंथावर हात ठेवून उभी राहिली. माइक नुसता घुमत होता. कोणीतरी खाकरलं, तरी तिनं घाई केली नाही. शेवटी त्या बाईनं डोळे पुसून वर बघितलं.

"वाचू का वं माय?" बायकोनं माइकवरूनच विचारलं.

"वाच वं," ती म्हणाली. "मी ऐकून राहिली."