मधमाश्यांची वेळ

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. कारंजा गावाजवळ आमची भाजीपाल्याची वाडी होती. सकाळी भोपळ्याची फुलं उमलली की माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मला वेलाला हात लावू देत नसत. "मधमाश्यायचं होऊ दे अगोदर," म्हणायच्या आणि बांधावर बसून राहायच्या. मला भारी राग यायचा. बाजाराची बैलगाडी काय माश्यांसाठी थांबणार होती?

त्या वर्षी वेलांवर कीड पडली होती, आणि तेव्हाच हिवतापाची फवारणी करणारे गावात आले. त्यांच्याकडून मी डबाभर डीडीटी पावडर मागून घेतली आणि कुणाला न सांगता वेलांवर भुरभुरली.

दोन दिवसांत कीड गेली. मधमाश्याही गेल्या. फुलं उमलत राहिली, पण बोटभर भोपळे पिवळे पडून गळू लागले.

आत्याबाईंनी वाडीत नारळ फोडला. मातीला कपाळ टेकवून म्हणाल्या, "माय, माह्या हातून काई चुकलं असन तं माफ कर." मग माझ्याकडे वळल्या. "तू बी माग वं माह्यासाठी."

मी वाकले. डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, "माय, आत्याबाईले माफ कर."