दाताखालची मुळी

आमच्या जीपवाल्या मामांएवढा थापाड्या माणूस अख्ख्या मोखाडा तालुक्यात नाही, आणि त्यांच्या थापांनी जेवढ्यांचं भलं झालं तेवढ्यांचं माझ्या वीस वर्षांच्या विज्ञान शिकवण्याने झालेलं नाही. हे मी विज्ञानाची बाई असून शपथेवर सांगते.

मोखाडा ते जव्हार त्यांची जीप. दहाच्या जागेत सतरा माणसं. भर एप्रिलात मामा जाहीर करायचे, "आता गार वारा लागंल हां," की सतराच्या सतरा जण डोळे मिटून सुखावायचे. मागच्या लाकडी फळीला ते सोफा म्हणत, आणि त्या फळीवर बसायला चक्क भांडणं होत. पण खरी कमाल त्यांच्या मुळीची. मला लहानपणापासून गाडी लागते. इकडे बदली झाली तेव्हा घाटाच्या नुसत्या विचारानेच मी रडले होते. पहिल्याच दिवशी मामांनी काडीएवढा तुकडा हातावर ठेवला. "सूर्यमाळच्या जंगलातली मुळी हाय बाई. दाताखाली धरा. चावायची नाय, बोलायचं नाय. काय व्हनार नाय." आणि काय सांगू, खरंच काही झालं नाही! त्या जीपमध्ये कुणालाच कधी ओकारी झाली नाही.

मग एका सोमवारी मी त्यांना सीटमागच्या फाटक्या टोपलीचे तुकडे मोडताना पाहिलं. झालं, अंगातलं विज्ञान उसळलं. "अहो, ही तर बांबूची कामटी आहे," मी भरल्या गाडीत ओरडले. पहिल्या वळणावर दोघांनी मान बाहेर काढली, दुसऱ्यावर पाच जणांनी, आणि तिसऱ्यावर अस्मादिकांनी. कुठून मला ही दुर्बुद्धी सुचली! महिनाभरात लोक एसटीची वाट बघत बसू लागले, जीप रिकामी जाऊ लागली आणि मामांनी मुळी वाटणं सोडून दिलं.

अशात एका सकाळी मी जीपमध्ये एकटीच बसलेली असताना लांबच्या पाड्यावरून एक पहिलटकरीण आली. कळा सुरू झालेल्या, तोंड पांढरंफटक, घाटाच्या भीतीने गाडीत पाय ठेवेना. सासू विनवत होती, पण पोरगी दाराला धरून बसली. "मामा, ती मुळी द्या, मंग येते," ती म्हणाली. मामांनी मान खाली घातली. "आता नाय ती, पोरी."

मी उठले, त्याच टोपलीच्या दोन कामट्या मोडल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हटलं, "ही घे. सूर्यमाळचीच आहे. मी स्वतः तपासलीय." तिने ती दातांत धरली आणि गाडीत चढली. अख्खा घाट ती शांत बसली, दवाखान्यात आपल्या पायांनी चालत गेली आणि तासाभरात तिला मुलगी झाली. मी तर दवाखान्याच्या पायरीवरच टाळ्या पिटल्या.

परतीला गाडीत आम्ही दोघंच होतो. घाटाआधी मामांनी जीप थांबवली. "बाई, यखादी उरली का?"

"तुम्हाला कशाला?"

"मला पन लागते गाडी. पयल्यापासून. म्हैनाभर लय हाल झाले."

"अहो, पण तुम्हीच तर ती टोपलीची मोडत होतात."

"व्हय. पन तुमाला समद्यांना लागू पडायची, म्हनून मलाबी पडायची."

मी दुसरी कामटी त्यांना दिली. त्यांनी ती दाताखाली धरली आणि वाट बघत माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"सूर्यमाळचीच आहे," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं.