बरणीच्या तोंडचं धोतर

साखरा गावात कुणाचं पोट दुखलं, की घरचं माणूस वाटी घेऊन अनुसयाबाईच्या दारात येतं. दवाखान्यात जायचं ते जातातच, पण आधी तिचा एक चमचा सिरका पाण्यात घालून पितात आणि मग मोटारसायकलला किक मारतात. बाई सत्तरीला टेकलेली, अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखी. बोलणं मात्र असं, की दुखणाऱ्या पोटानंच आधी हार मानावी.

"उतरंल," ती सांगते. "अर्ध्या घंट्यात न्हाई उतरलं तर मी सोता येते तुज्यासंगं दवाखान्यात."

आजवर तिला जावं लागलेलं नाही, असं ती म्हणते. एकदा गेली होती, पण ते मुतखड्याचं होतं, ते ती धरत नाही.

सिरका जांभळाचा. ओढ्याकाठी तीन झाडं आहेत, त्यातलं मधलं तिचं आवडतं. खाली पडलेलं जांभूळ ती घेत नाही. दोन बायांनी झाडाखाली लुगडं धरायचं, एकानं वर फांदी हलवायची. लुगड्यात पडलं ते बरणीचं, मातीत पडलं ते शेळीचं. मग हातानं कुस्करायचं, बिया काढायच्या आणि रस चिनी मातीच्या बरणीत भरायचा. धातूचं भांडं नको, आंबट धातूला खातं. बरणीच्या तोंडाला झाकण नाही, कारण सिरक्याला श्वास लागतो. उघडंही ठेवायचं नाही, कारण चिलटांना वास लागतो. म्हणून दुहेरी फडकं सुतळीनं आवळायचं, आणि ते फडकं दगडोबाच्या जुन्या धोतराचंच पाहिजे.

दगडोबा म्हणजे अनुसयाबाईचा नवरा. नव्या कापडाला खळ असते, साडीचा तुकडा सुळसुळीत. दोन वर्षं नेसून, धुऊन, वाळवून मऊ झालेल्या धोतरातून वारा जातो पण चिलट जात नाही, हे तिनं सासूकडून घेतलेलं शास्त्र. वर बांबूची पाटी पालथी घालायची की झालं. मग पोळा होईपर्यंत हात लावायचा नाही.

पहिला महिनाभर रस उसळत असतो. आतून बारीक बुडबुड आवाज येतो आणि कोठीच्या खोलीला असा वास सुटतो की काही विचारू नका. त्या महिन्यात ती सरळ सरळ दारूच असते, अनुसयाबाई लपवत नाही. दगडोबा गळ्यात माळ घालणारा माणूस. तो खोलीवरून जाताना नाकाला उपरणं लावतो.

"माझ्या माळेला वास लागून राहिला ना," तो कुरकुरतो.

"माळ काढून खुंटीला लावा की. धोतर तर बरणीला नेसवलंच हाय तुमचं."

महिना सरला की वास फिरतो, नाकात झोंबतो, आणि मग दगडोबालाही जेवणानंतर चमचाभर लागतो.

गेल्या वर्षी या सगळ्यात सून कोमल पडली. कोमल बारावी शिकलेली, गावातल्या बचत गटाची सचिव. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात गटाला एक टेबल मिळालं होतं. लोणची-पापड सगळेच गट ठेवतात, म्हणून कोमलनं ठरवलं, आपण सिरका ठेवायचा. तिनं शहरातून चिठ्ठ्याही छापून आणल्या. जांभळ्या रंगाची चिठ्ठी, वर मोठ्या अक्षरात 'अनुसयाबाईचा जांभूळ सिरका'.

अनुसयाबाई दुसरीपर्यंतच शाळेत गेलेली. तिनं आपलं नाव अक्षर अक्षर बोटानं वाचलं. राशन कार्डावर तिचं नाव दगडोबाच्या नावाखाली होतं, सातबाऱ्यावर नव्हतंच. एकटं, मोठं, वर कुणी नसलेलं असं तिनं ते पहिल्यांदाच पाहिलं. बोलली एवढंच, "'अ' जरा जास्तच जाड काढलाय." पण चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिनं देवळीत ठेवला, आणि त्या वर्षी नेहमीच्या लहान बरणीच्या जोडीला मोठी दहा शेरी बरणीही भरली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांना ओढ्यावर धुऊन आणायचं, वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं, ऊन कापडानं शेकायचं आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असं कानात सांगायचं. दगडोबाच्या गोठ्यात आता एकच जोडी उरली आहे, पण तो ही सेवा दुसऱ्याला करू देत नाही. कापडही कुठलंही चालत नाही, आपल्या अंगचं जुनं धोतरच लागतं.

त्या दिवशी घरात पुरणाची डाळ शिजत होती, सासू-सून चुलीपाशी. दगडोबानं पेटी धुंडाळली, कपड्यांची दोरी पाहिली. सगळी धोतरं नवी, खरखरीत. मग त्याला आठवलं, आपलं सगळ्यात मऊ धोतर कुठे आहे ते.

तो काही बेपर्वा माणूस नाही. त्यानं पाटी उचलली, मोठ्या बरणीची सुतळी सोडली, फडकं घेतलं. सिरक्याला श्वास लागतो हे बायकोनं चाळीस वर्षं ऐकवलेलं, म्हणून झाकण ठेवायची चूक त्यानं केली नाही. कांद्याच्या गोणीची लाल जाळी घेतली, दुहेरी केली, नीट आवळून बांधली आणि वर पाटी होती तशी ठेवली. जाळीतून वाराच वारा. मनाशी खूश होऊन तो गोठ्यात गेला आणि बैलांचे खांदे शेकले.

पोळा झाला, पाहुणे गेले. पाचव्या दिवशी अनुसयाबाई गाळायला बसली. कोमल बाटल्या उकळून, उन्हात पालथ्या घालून तयार होती. शेजारची गंगूताई बघायला आलेली.

अनुसयाबाईनं पाटी उचलली आणि चिलटांचा एक ढगच तिच्या तोंडावर आला.

फडक्याच्या जागी लाल जाळी. आत सिरक्यावर मेलेल्या चिलटांची साय, आणि बरणीच्या गळ्याला तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत चढत होत्या. तिनं पाटी खाली ठेवली. मग शांतपणे म्हणाली, "कोमल, तुज्या सासऱ्याला बोलव."

दगडोबा आला. बरणीत डोकावला आणि त्याचं तोंड उतरलं.

"दुहेरी केली हुती म्या," तो म्हणाला.

"व्हय, दिसून राहिलं. काहून घेतलं माझं फडकं?"

"माझं धोतर हुतं ते."

"बैलाला नेसवलं?"

"खांदा शेकला. नव्या कापडानं त्येला तकलीफ झाली असती."

यावर अनुसयाबाईला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. लहान बरणीचं फडकं तिनं तपासलं, ते जागच्या जागी होतं. मोठीचंही पाच दिवसांत एकदा हात लावून बघितलं असतं तर कळलं असतं. पण माझ्या बरणीत चिलट शिरायची छातीच नाही, असं ती इतकी वर्षं सांगत आली होती, की पाटी उचलायची गरजच तिला वाटली नव्हती.

"गाळून घे की," गंगूताई म्हणाली. "आंबटात काय जगतंय? चार पदरी कापडानं गाळ, वरून उकळ. कुनाला कळतंय?"

कोमलच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं अख्ख्या गटाला शब्द दिला होता. "आत्याबाई, उकळलं तर खरंच काही राहत नाही. टेबल घेतलंय आपण. लहान बरणीत कितीसा निघणार?"

"मला कळतंय ना," अनुसयाबाई म्हणाली. "बाटलीवर नाव माझं हाय. गंगूताईचं असतं तर गाळलं असतं."

"आमी घरी वापरू," दगडोबा चाचरत म्हणाला. "मी पितो. माझी चूक हाय."

"महिनाभर नाकाला उपरणं लावनारा माणूस आता अळ्या पितो म्हनतो!" ती उठली. "घरचं पोट काय लोखंडाचं हाय? धरा तिकडून."

मोठी बरणी दोघांनी मिळून उकिरड्यावर रिकामी केली. एक मडकंभर तेवढं तिनं बाजूला ठेवलं, कशाला ते सांगितलं नाही. लहान बरणी गाळली. कोमलनं खोकी भरून बाटल्या आणल्या होत्या, भरल्या जेमतेम एका टोपलीएवढ्या.

प्रदर्शनात टेबल मोठं आणि बाटल्या थोड्या, तेव्हा ते दात पडलेल्या तोंडासारखं दिसत होतं. अनुसयाबाई नवं लुगडं नेसून मागं खुर्चीवर बसली. दुपारी केतकी नावाची एक बाई आली, कुठल्याशा कचेरीत कारकून. तिनं बाटली उजेडात धरली.

"घरगुती आहे ना आजी? राग मानू नका, पण घरगुतीत किडे-बिडे असतात. मागं एकदा माझ्या बाटलीत निघाले होते."

कोमल पटकन म्हणाली, "नाही मॅडम, अजिबात नाही." आणि टेबलाखालून सासूच्या पायाला पाय लावला.

अनुसयाबाईनं पाय बाजूला घेतला.

"यंदा निघाले," ती म्हणाली. "मोठ्या बरणीत. आमच्या मालकानं फडकं सोडून बैलाचा खांदा शेकला." आणि तिनं सगळं सांगितलं, लाल जाळी, ढग, अळ्या, उकिरडा. आजूबाजूच्या टेबलांवरच्या बाया कान देऊन ऐकायला लागल्या. कोमल मान खाली घालून बाटल्या सरळ करत राहिली, त्या आधीच सरळ होत्या. "ह्या लहान बरणीतल्या. हिचं फडकं सुटलं न्हाई. म्हनून एवढ्याच हायेत."

केतकीनं बाटली टेबलावर ठेवली. "बरं," म्हणाली आणि निघून गेली.

कोमल हळूच म्हणाली, "झालं समाधान?"

"बराबर झालं. दुसऱ्या बाईनं इचारलं तर मी पुन्ना सांगन."

बराच वेळ कुणी फिरकलं नाही. शेजारच्या टेबलावरची पापडवाली तेवढी तोंडाला पदर लावून हसत होती. उन्हं कलली तेव्हा केतकी परत आली, बरोबर ऑफिसातल्या दोघी.

"ह्याच त्या आजी," ती त्यांना म्हणाली. "आजी, ते बैलाचं पुन्हा सांगा ना. आणि मला दोन द्या."

संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी झाली. पापडवालीनंसुद्धा एक नेली.

घरी आल्यावर उरल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा कोमल पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवत होती. अनुसयाबाईनं त्यातली एक मागून घेतली. मागच्या अंगणातल्या पेरूवर चिलटांनी उच्छाद मांडला होता. तिनं ते बाजूला ठेवलेलं मडकं झाडाखाली मांडलं, तोंडाला कागद बांधला आणि कागदाला काडीएवढं भोक पाडलं. चिलटं वासानं आत जात होती, बाहेर येत नव्हती. मग तिनं मडक्याला भाताचं शीत लावून चिठ्ठी चिकटवली.

कोमल ओरडलीच, "आत्याबाई! त्याच्यावर काहून नाव लावता?"

"सिरका माझाच हाय ना तो?" अनुसयाबाई चिठ्ठी तळव्यानं दाबत म्हणाली. "चिलटांना बी कळू दे, कुनाचं पिऊन मेली."

दगडोबा ओसरीवर बसून हे बघत होता. तो उठून आत गेला, पेटीतलं एक करकरीत नवं धोतर काढलं आणि ते धुऊन मऊ करायला लागला. पोळ्याला अजून दहा-अकरा महिने होते.